टॉवरला शिव्या पुरे, भिंतीत भोक ठेवा

२० मार्च आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज ठरलेला. चिमणीचा फोटो, "मोबाईल टॉवरने हिला संपवलं" आणि खाली जोडलेले हात. यंदा एकट्या शिरपूरहून तिघांनी पाठवला. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

पहिली गोष्ट, चिमणी संपलेली नाही. २०२० साली देशातल्या पक्ष्यांचा जो मोठा अहवाल आला, त्यात पंचवीस वर्षांत चिमण्यांची संख्या देशभरात साधारण स्थिर असल्याचं म्हटलंय. घट दिसली ती मुंबई, दिल्लीसारख्या महानगरांत.

दुसरी गोष्ट टॉवरची. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये १९२५ साली २६०३ चिमण्या मोजल्या होत्या. १९४८ मध्ये ८८५ उरल्या, १९७५ मध्ये ५४४. तेव्हा कुठे होता हो टॉवर? तिथे रस्त्यावरचे घोडे गेले, मोटारी आल्या, आणि घोड्यांच्या चंदीतले सांडलेले दाणे बंद झाले, असं मानतात. टॉवर अगदी निष्पाप आहे असं प्रमाणपत्र मी देत नाही. पण टॉवर यायच्या आधीच झालेल्या घटीचं खापर त्याच्यावर कसं फोडणार?

आणि "बिचारी चिमणी" हे तर मुळीच पटत नाही. १८५१-५२ च्या सुमारास इंग्लंडहून काही चिमण्या न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनला नेऊन सोडल्या. झाडांवरच्या अळ्या खातील ही अपेक्षा. पन्नासेक वर्षांत त्यांनी जवळजवळ अख्खी अमेरिका व्यापली. तिथल्या निळ्या पाखरांच्या ढोलीतून त्यांना हुसकून स्वतः घर मांडलं. १८८९ साली तिथल्या शेतीखात्याला चिमणीच्या उपद्रवावर जाडजूड पुस्तक काढावं लागलं! ऑस्ट्रेलियात १८६० च्या दशकात माणसांनीच नेल्या, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात आजही तिला प्रवेशबंदी आहे. जहाजातून चुकून आली तरी ठेवत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डर्बनला तर आपल्या हिंदुस्थानातल्याच चिमण्या पोचल्या. आज दक्षिण आफ्रिकेत गावोगाव दिसतात त्या मुख्यतः त्यांच्याच लेकी-सुना.

समुद्र ओलांडून संसार थाटणारा हा पक्षी आपल्या कॉलनीत का टिकत नाही, हा खरा प्रश्न आहे. उत्तर तिच्या बाळंतपणात आहे. चिमणी सहसा उघड्या फांदीवर घरटं बांधत नाही. तिला भोक लागतं, फट लागते, आडोसा लागतो. चार-पाच अंडी, अकरा ते चौदा दिवस उबवणं, मग जेमतेम दोन आठवड्यांत पिल्लू उडायला तयार. वर्षातून दोन-तीन वेळा हे चालतं, कधी चार वेळासुद्धा. जागा मिळाली की ती गावं भरून टाकते, ती या वेगामुळे. आणि जागा नसेल तर याच्या नेमकं उलट.

शिरपूरच्या जुन्या घरात काय नव्हतं? धाब्याचं छत, सागाच्या कड्या, मातीच्या भिंतीतल्या फटी, वर आजोबांच्या फोटोमागची जागा. दारात धान्य निवडणं चालायचं. आता स्लॅब, टाइल्स, स्लायडिंगच्या खिडक्या, त्यावर जाळी. नवीन बंगल्यात चिमणीने काडी ठेवायची तरी कुठे? फोटोमागून पडलेला कचरा आपणच झाडून बाहेर टाकतो आणि संध्याकाळी ग्रुपवर हळहळतो.

दुसरं म्हणजे खाणं. घास चिऊचा म्हणून आपण भात दाखवतो, पण चिऊच्या पिल्लाचा घास म्हणजे अळी आणि किडे. पहिल्या दिवसांत त्याला तेच लागतात. आपल्याकडे शिवारभर कपाशी, तिच्यावर फवारण्या, आणि अंगणात झाडाऐवजी पेव्हर ब्लॉक. मोठ्या चिमणीचं तांदळाच्या वाटीवर भागेल, पण पिल्लाचं काय?

म्हणूनच एक दिवस पाण्याची वाटी ठेवून फोटो टाकण्याचा मला राग येतो. पाणी ठेवाच, खानदेशच्या उन्हाळ्यात ते पुण्यच आहे. पण टॉवरवर बोट दाखवणं यासाठी सोपं, की टॉवर दुसऱ्या कुणाचा असतो. भिंत आपली असते.

आता मुद्द्याचं. शिरपूरचं आपलं जुनं घर यंदा पाडायचं ठरलंय आणि नकाशा अजून कच्चा आहे. काका, इंजिनिअरला एवढंच सांगा: पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीत, आठ-दहा फुटांवर, मांजर पोचणार नाही अशा जागी, सव्वा इंचाची चार-पाच भोकं आणि आत वीतभर पोकळी. सिमेंटच्या एका पोत्याचाही खर्च नाही. परसात लिंबू किंवा मेंदी ठेवा, औषध मारू नका.

एवढं झालं तर पुढच्या २० मार्चला मेसेज पाठवा, मी स्वतः हात जोडीन.