हळू बोला!

गेल्या पाडव्याला आमच्याकडे सोळा माणसे फराळाला होती. चकल्या कडक झाल्या की खुसखुशीत यावर दोन तट पडले होते, चिवड्यातले काजू नातवंडांनी केव्हाच वेचून खाल्ले होते, आणि खाली गल्लीत लवंगीच्या माळांमागून माळा अशा उडत होत्या की शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे. त्या गदारोळात माझ्या धाकट्या पुतण्याने राज्याच्या जनसुरक्षा विधेयकाचा विषय काढला. वकिली शिकतो तो, काढायचाच. त्याची दोन वाक्ये पुरी होतात न होतात तोच आमची माईआत्या उठली. तिचे वय वर्षे शहाऐंशी; गुडघ्यांमुळे पाणीसुद्धा जागेवर मागवते. ती भिंत धरीत खिडकीपाशी गेली आणि तिने खिडकी लावून घेतली.

"हळू बोला रे. आणि बोलायचंच कशाला?"

सगळे हसले. बाहेर ॲटमबाँब फुटत होते. प्रत्यक्ष नारदमुनी खिडकीशी कान लावून उभे राहिले असते तरी त्यांच्या हाती काही लागले नसते. मीही हसलो. हसू ओसरल्यावर पाहतो तो बोलणे पुन्हा चकल्यांवर आलेले, आणि पुतण्या करंजीची कड मोडीत गप्प बसलेला. त्याला गप्प कोणी केले? दारात शिपाई नव्हता, हातात वॉरंट नव्हते. घरातल्या पंधरा माणसांनी, अगदी प्रेमाने, हसत हसत केले. त्या पंधरांत मी होतो.

सणाच्या अंकात हे काय पुराण लावले, असे वाचक म्हणतील. पण हे पुराण सणाच्या दिवशीच, फराळाच्या ताटावर घडते, म्हणून इथेच सांगतो.

माईआत्याला मी दोष देत नाही. ही खिडकी तिने प्रथम लावली १९७५ साली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो. कोणीतरी चक्रमुद्रित करून वाटलेले एक पत्रक मी शर्टाच्या आत दडवून घरी आणले. आत्याने ते माझ्या हातून घेतले, वाचले (हे मुद्दाम सांगतो, तिने ते शेवटपर्यंत वाचले) आणि न्हाणीघरातल्या बंबात घातले. त्या दिवशी त्याच पाण्याने मी आंघोळ केली. तिचे यजमान सरकारी नोकर होते, घरात तीन लेकरे होती, आणि 'मिसा'खाली माणूस उचलला की कुठे नेला, कशासाठी नेला, हे विचारण्याचीही सोय उरलेली नव्हती.

सोय उरलेली नव्हती हे मी लेखकाच्या अतिशयोक्तीने लिहीत नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी तसा निर्णय दिला. आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. हंसराज खन्ना तेवढे एकटे विरुद्ध गेले, आणि पुढल्याच वर्षी सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले. पुढे २०१७ साली हा निर्णय चुकीचा होता असे न्यायालयानेच म्हटले. आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती होते यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. बापाची चूक मुलाने दुरुस्त केली हे खरे. पण मधली एक्केचाळीस वर्षे?

तर आत्याच्या त्या वेळच्या भीतीला पत्ता होता. सरकारने उघडपणे जाहीर केले होते की आम्ही अमुक छापू देणार नाही, तमुक बोलू देणार नाही. अशा भीतीशी झगडता तरी येते. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट'मधला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ साली, ऐन आणीबाणीत, जिंकले. सगळी वर्तमानपत्रे एकाच सुरात गायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, अशा आशयाचे न्यायालयाने त्याला सुनावले. समोर दिसणारा शत्रू असला की निदान दगड कुठे मारायचा ते कळते.

आज आणीबाणी नाही. घटनेतले १९वे कलम जागच्या जागी आहे. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला नाही. मग खिडकी का लागली?

इथे घरातली शहाणी माणसे मला अडवतात, आणि त्यांचे म्हणणे मी खोटे पाडू शकत नाही. २०१२च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले; मुंबई बंद राहिली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्यांवर नुसती पसंतीची खूण केली. दोघींना अटक झाली. आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुतणी लिहिते आणि काकांच्या दवाखान्याच्या काचा फुटतात! ज्या कलमाचा आधार घेतला गेला ते ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कायदा रद्द झाला. पण पालघरचा दवाखाना प्रत्येक आईच्या डोळ्यांपुढे राहिला. मुलगा मोबाईलवर काही टिपू लागला की ती मागून डोकावते.

राजद्रोहाच्या कलमाचेही तेच. १८९७ साली टिळकांवर ते लावले तेव्हा न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला त्यातल्या 'अप्रीती'चा अर्थ समजावून दिला: प्रीतीचा अभाव! म्हणजे सरकारवर माया नसणे हाच गुन्हा. टिळकांना अठरा महिने झाले, १९०८ साली त्याच कलमाखाली सहा वर्षे मंडालेला. इंग्रज गेला, कलम राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली त्याला लगाम घातला, ११ मे २०२२ रोजी ते बासनात ठेवायला सांगितले. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात 'राजद्रोह' हा शब्द नाही. त्या जागी १५२वे कलम आहे. जुन्या कलमात जन्मठेप नाहीतर तीन वर्षांपर्यंत कैद होती, नव्यात जन्मठेप नाहीतर सात वर्षांपर्यंत. बारशाला नाव बदलले आणि बाळ दुपटीहून अधिक अंगाने भरले.

शिवाय शिक्षा व्हायलाच हवी असे कुठे आहे? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो. पण पायरीच चालत दारात आली तर? फादर स्टॅन स्वामींना एल्गार परिषदेच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२०मध्ये अटक झाली. वय ८३, कंपवाताने हात थरथरणारे. नवी मुंबईजवळच्या तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना अर्ज करावा लागला, आणि त्यात आठवडे गेले. ५ जुलै २०२१ रोजी ते मुंबईत वारले. तोवर खटला उभाही राहिला नव्हता. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कोणतेही न्यायालय सांगणार नाही. पुतण्या ज्याविषयी बोलू पाहत होता ते जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाने जुलै २०२५मध्ये मंजूर केले. त्याच्यावर बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. इतकी माणसे अजून लेखी बोलतात, हे मला त्यातल्या त्यात दिलाशाचे वाटले.

हे अमक्या पक्षाचे पाप असे म्हणून मोकळे होऊ पाहणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की आणीबाणी आणली त्यांचेच राज्य पालघरच्या वेळीही होते, आणि जुलै २०२५मध्ये विधेयक मंजूर झाले तेव्हा त्यांच्या विरोधकांचे होते. खुर्चीवरचा माणूस बदलला तरी खुर्चीला टीका टोचायची राहत नाही.

म्हणजे भीती खरी आहे. मग तक्रार काय? तक्रार ही, की या खऱ्या भीतीला आपण घरच्या घरी शंभर पटींनी वाढवून वाढतो. सरकारने एक फूट जागा बंद केली की आपण आपण होऊन एक एकर सोडून देतो, आणि वर त्याला 'संस्कार' म्हणतो. माझा नातू चौथीत आहे. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट त्याने वक्तृत्व स्पर्धेत हातवारे करून सांगितली, ढाल मिळवली. मी खाल्ल्या नाहीत, मी उचलणार नाही, हे म्हणताना काय त्याचा आवेश! त्याच महिन्यात वर्गात त्याने बाईंना एक प्रश्न विचारला, त्यांना तो अडचणीचा वाटला, घरी चिठ्ठी आली, आणि त्याच्या आईने, म्हणजे माझ्या गुणी सुनेने, त्याला जवळ घेऊन सांगितले, "शहाण्या मुलांनी असं काही विचारू नये, राजा." ढाल अजून कपाटावर आहे. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपच्या गटात सुप्रभात, वाढदिवस आणि गुडघ्यांवरचे काढे यांना मुक्त परवाना आहे. कोणी तांदळाच्या भावापलीकडे गेला की लगेच दोन हात जोडलेली चित्रे येतात आणि मागोमाग 'प्लीज, इथे नको'. मग कुठे?

आता माझेच सांगतो. दुसऱ्यांच्या खिडक्या मोजून झाल्या.

कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाला पन्नास वर्षे झाली, म्हणून एका गावच्या व्याख्यानमालेने मला दुर्गाबाई भागवतांवर बोलायला बोलावले. गावाचे नाव सांगत नाही; माणसे भली आहेत. विषय माझ्या आवडीचा. १९७५चा डिसेंबर; आणीबाणी ऐन भरात; संमेलन यशवंतराव चव्हाणांच्या गावात, आणि केंद्रात परराष्ट्रमंत्री असलेले यशवंतरावच स्वागताध्यक्ष. जयप्रकाश नारायण स्थानबद्धतेतून सुटून मूत्रपिंडाच्या विकाराने मुंबईत पडलेले. त्यांचे नाव घेणेही जिथे धोक्याचे, तिथे अध्यक्षपदावरून या विदुषीने साऱ्या मंडपाला त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. लोककथांचा आणि पाकशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या बाई! पुढल्या वर्षी त्यांना अटकही झाली.

भाषण लिहून काढताना मला साहजिकच यवतमाळ आठवले. जानेवारी २०१९. ९२व्या संमेलनाचे उद्घाटन करायला नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या बाईंना कशाला, म्हणून कोणी विरोधाची भाषा केली, आणि संयोजकांनी पाहुणीला येऊ नका म्हणून कळवले. या बाईंचे वडील रणजित सीताराम पंडित, मूळ कोकणातल्या घराण्यातले, 'राजतरंगिणी'चा इंग्रजी अनुवाद करणारे. इंग्रजांच्या तुरुंगात प्रकृती ढासळून १९४४ साली वारले. त्यांच्या लेकीला मराठीच्या मांडवात परके ठरवले गेले! तिचे लिहून तयार असलेले भाषण मग वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचले, आणि त्यात लोक घाबरतील असे काय होते ते शोधत बसले. आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हातून उद्घाटन झाले. ती बाई आदरालाच पात्र होती, पण तिच्या पदराआड आपण लपलो. काही लेखक गेले नाहीत. अध्यक्षा अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरून नापसंती बोलून दाखवली, तेवढी लाज राहिली.

हे सारे मी तीन वाक्यांत लिहिले. संयोजकांनी भाषण आगाऊ मागवले होते, पाठवले. दोन दिवसांनी त्यांच्या चिटणीसांचा फोन आला. अत्यंत गोड आवाज. "सर, भाषण उत्तमच झालंय. फक्त ते यवतमाळचं तेवढं... हॉल सरकारी आहे, देणगीदार आहेत, उगाच कुणाच्या डोळ्यावर... दुर्गाबाईंवर बोला ना भरपूर! आजच्याशी जोडू नका म्हणजे झालं."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "हो हो, समजू शकतो."

तीन वाक्यांवर रेघ मारली. सभागृह भरले होते. दुर्गाबाईंच्या निर्भयतेवर मी पन्नास मिनिटे बोललो, टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ मिळाले. परतताना गाडीत चिटणीस म्हणाले, "सर, आज असं बोलणारं कोणी राहिलं नाही." आणि मी मान डोलावली. माझ्यावर कोणते कलम लागले होते? कोणता शिपाई उभा होता? एका सज्जन माणसाने फोन केला आणि मी माझ्या हाताने बंब पेटवला.

पाडव्याला खिडकी लागली तेव्हा मी का हसलो हे मला त्या गाडीत कळले. घरी आल्यावर आत्याला सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझं ते पत्रक मी जाळलं ना, त्यातलं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे." मी विचारले, काय होते? तिने आधी खिडकीकडे पाहिले. खिडकी उघडी होती. तरी तिने ते म्हणून दाखवले, जरा हळूच.

व्याख्यानमालेची स्मरणिका निघते आहे आणि त्यांनी भाषण छापायला मागितले आहे. मी ते तीन वाक्यांसकट पाठवले आहे. पुतण्याने ते टपालात टाकले. उत्तर अजून आलेले नाही.