रोजा आणि पोटातले आम्ल

रमजान सुरू झाला की काही रोजेदारांना छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात. दोष रोजाला दिला जातो आणि ‘शरीर अल्कलाइन करा’ म्हणणारे महागडे पाणी घरात येते. वास्तविक रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ दरम्यान राखण्याचे काम फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. खाण्यापिण्याने तो फारसा हलत नाही. बिघडते ते पोटात. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटात एकदम भजी, समोसे, वर चहा. सहरीला भरपेट जेवण आणि फज्रनंतर लगेच अंथरूण. आडवे होताच जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढते.

उपाय घरातच आहे. खजूर आणि पाण्याने रोजा सोडावा, मगरीबच्या नमाजनंतर बेताने जेवावे, सहरीनंतर लगेच झोपू नये. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. त्रास वाढल्यास डॉक्टरांना दाखवावे. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत इस्लामनेच दिली आहे. दिवसभर पाळलेला संयम इफ्तारच्या दस्तरखानावरही टिकला पाहिजे.