सुताराची साक्ष

इंग्लंडांतील केंट परगण्यांत, चिडिंगस्टोन गांवाजवळ, पंधराव्या शतकाच्या आरंभीं 'बे-लीफ' हें शेतकऱ्याचें घर बांधलें गेलें. सांगाडा ओक लांकडाचा, भिंती कुडाच्या, सांधे खुंट्यांनीं जखडलेले. मधल्या दालनांत उघडी चूल, परंतु धुराडें नाहीं. पुढें तेथें जलाशय होऊं लागला, तेव्हां घर उकलून ससेक्समधील सिंगलटन येथील संग्रहालयांत १९७२ सालीं पुन्हा उभारलें.

कोणी म्हणेल, जागा सुटली तेथें घर कसलें? आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु लोकांस पाणीहि हवें होतें. आणि घर बुडूं देण्यापेक्षां हलविणें बरें, असें माझें मत आहे. सांधे प्रामाणिक होते, म्हणूनच साडेपांचशें वर्षांनीं ते उकलून जुळवितां आले. विद्यार्थिमित्रहो, उकलून पाहिलें असतां जें लाजवीत नाहीं, तेंच खरें काम.