कापसाची जकात व पेरणीची वेळ

परदेशचा बाजार शेतकऱ्यास तारक कीं मारक, हा वाद नागपूर-वऱ्हाडांत नवा नाहीं. सन १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि आमच्या पूर्वजांच्या रुईस पूर्वीं कधीं न मिळालेला भाव आला. १८६५ त युद्ध संपलें व भाव कोसळला. आमच्या शेतांत त्या सालीं कांहीं बिघडलें होतें काय? नाहीं, घडामोड झाली ती सातासमुद्रांपलीकडे. तरी याच कापसावर हिंगणघाटचें नांव झालें, व १८७७ सालीं जमशेटजी टाटांनीं नागपुरांत एम्प्रेस मिल उघडली, हेंही विसरून चालणार नाहीं. (ती मिलही आज उरली नाहीं, हें निराळें.)

तेव्हां परदेशचा व्यापार बंद करा, असें आम्ही म्हणत नाहीं. गिऱ्हाईक दूरदूरचें असलें म्हणजे गांवच्या एकाच दलालाच्या मर्जीवर राहावें लागत नाहीं, हा लाभ लहान नव्हे. आमची तक्रार वेळेची आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्यें मध्यवर्ती सरकारनें परदेशी कापसावर सुमारें ११ टक्के जकात बसविली. २०२५ च्या पावसाळ्यांत विदर्भांतील शेतकऱ्यानें ती जमेस धरून सरकी लावली, खत दिलें, निंदणाची मजुरी भरली. कपाशी उभी असतांना १९ ऑगस्ट रोजीं जकात माफ झाली. प्रथम सप्टेंबरअखेर, व मागाहून ३१ डिसेंबरपर्यंत. ऐन वेचणी-विक्रीचे महिने तींत सांपडले.

सरकारचें कारण आम्हांस समजतें. त्याच ऑगस्टांत अमेरिकेनें आपल्या मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, कापडधंद्यास धक्का बसला, गिरण्यांस स्वस्त रुई हवी होती. गिरणी बुडाली तर आमचाही कापूस कोण घेणार? परंतु गिरणीवाला आज अमेरिकेचा, उद्यां ब्राझीलचा माल घेऊं शकतो. शेतकऱ्यास उभी कपाशी उपटून ऑगस्टअखेर तूर पेरतां येत नाहीं.

हमी भाव आहे ना, असें कोणी म्हणेल. सन २०२५-२६ साठीं मध्यम धाग्यास ७७१० व लांब धाग्यास ८११० रुपये क्विंटल ठरले होते खरे. पण सरकारी खरेदींत पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यास, व १२ टक्क्यांवर माल परत. ज्यास दिवाळीपूर्वीं उधारी फेडावयाची आहे, तो कापूस वाळवीत थोडाच बसणार? तो खेडाखरेदीवाल्यास मिळेल त्या भावानें देऊन मोकळा होतो. प्रतापनगरांत राहून गांवीं शेती करविणाऱ्या आमच्या वाचकांस कदाचित् थांबतां येईल. त्यांच्या ठेकेकऱ्यास तें साधत नाहीं.

म्हणून मागणी एवढीच. कापसाच्या आयात-जकातीचा निर्णय मेअखेर, पेरणीपूर्वीं जाहीर व्हावा व वर्षभर तो हलवूं नये. मध्यें बदलणें अगदींच अटळ झालें, तर हमी भाव व प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतील तूट सरकारनें भरून द्यावी. खेड्यांत विकलेल्या मालाचीही. वाचकांनीं आपापल्या सोसायटीच्या पुढील सभेंत या आशयाचा ठराव मांडावा व त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवावी.