तणनाशकाचा पंप वेगळा, मग मास्क एकच का?

आज पिकाचं नाही, मास्कचं लिहितोय.

काल सोयाबीनवर फवारणी होती. पंप पाठीवर घेतलेल्या गड्याच्या तोंडाला कापडी मास्क. विचारलं, "बाजारात घालतोस तोच का रे?" म्हणतो, "हो दादा, एकच हाय. संध्याकाळी झटकतो, सकाळी परत घालतो." म्हणजे दिवसभर औषध त्या कापडात मुरणार, अन् तोच तोंडाला लावून हा किराणा आणायला जाणार, लेकराला कडेवर घेणार.

चूक त्याची नाही. करोनात चौकात बिनमास्कवाल्याला दंड करायला माणूस होता. मास्क वाटपाचे फोटो तर रोज यायचे. पण तो धुवायचा कसा, हे सांगायला एकजण गावात आला नाही.

आता नीट ऐका. कापडी मास्क रोज साबण आणि गरम पाण्यानं धुवा, कडक उन्हात किमान ५ तास वाळवा. ऊन नसेल तर १५ मिनिटं पाण्यात उकळा, किंवा कुकरमध्ये मीठ टाकून १० मिनिटं. घरात माणशी दोन मास्क हवेतच. दवाखान्यातला तीन पदरी मास्क एकदाच वापरायचा, धुवायचा नाही.

एन-९५ वाल्यांनो, तुम्ही तर सॅनिटायझर मारून मोकळे होता! त्याच्या आतल्या थरात स्थिर वीजभार असतो, तोच बारीक कण ओढून धरतो. साबण किंवा स्पिरिट लागलं की तो जातो. मास्क दिसतो तसाच, काम मात्र संपलेलं. त्यापेक्षा पाच मास्क घ्या, कागदी पिशव्यांवर नंबर टाका अन् पाळीपाळीनं वापरा. एकाची पाळी पाच दिवसांनी येते. ओला झाला, फाटला, इलॅस्टिक सैल पडलं की फेकून द्या. झडपवाला तर घेऊच नका. त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर जातो.

आणि यातला कुठलाच मास्क औषधाची वाफ अडवत नाही. त्याला कार्ट्रिजवाला मास्कच लागतो. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या आसपास शेतकरी-मजूर गेले. इतक्या लवकर विसरलो?

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला एवढे सोपस्कार कुठं जमतात? का नाही जमत? तणनाशकाचा पंप आपण वेगळा ठेवतोच ना? एकच असला तर तीनदा धुतो. कारण पीक जळालेलं डोळ्यांना दिसतं. छाती आतून जळते ती दिसत नाही, एवढाच फरक.

मजुराला मास्क देणं मालकाचं काम आहे. मीही आजवर दिला नव्हता, कबूल करतो. आज दोन कापडी आणि फवारणीचा एक वेगळा दिला. कृषी सहायक साहेबांनो, पुढच्या शेतीशाळेत बोंडअळीच्या आधी दहा मिनिटं यावर बोला. अन् मंडळी, तुमच्या गड्याच्या तोंडाला काय बांधलंय, ते उद्या सकाळी बघा.