तेच भाषण, आवाज बाईचा

ठाम बोलणारा सरपंच खंबीर ठरतो. तितक्याच ठामपणे बोलणारी सरपंच उद्धट. ही केवळ तक्रार नाही. पश्चिम बंगालमधील गावांत संशोधकांनी पुढाऱ्याचे एकच भाषण कुठे पुरुषाच्या, कुठे बाईच्या आवाजात ऐकवले. महिला प्रधान (तिकडचे सरपंच) कधीच न लाभलेल्या गावांतील पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. आरक्षणामुळे महिला प्रधान पाहिलेल्या गावांत मात्र हा फरक उरला नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसते ते इतकेच, की नेतृत्वगुण म्हणून आपण जे जोखतो त्यात आपल्या सवयीचा वाटा मोठा असतो.

कारभार ‘सरपंचपती’च हाकतात, मग आरक्षण कशाला, हा आक्षेप खोटा नाही. पण बंगालमध्येच महिला प्रधानांच्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केल्याचे आढळले आहे. साऱ्याच सह्यांपुरत्या असत्या तर खर्चाचा क्रम बदलला नसता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भाषणाच्या त्या अभ्यासात पुरुषांची पुरुष पुढाऱ्याकडची ओढ कायम राहिली. म्हणजे मन वळले नाही, मूल्यमापन सुधारले. आमच्या मते तेवढेही पुष्कळ आहे. महिला आरक्षणाचे दोन कार्यकाळ झालेल्या गावांत पुढे खुल्या जागांवरही अधिक स्त्रिया निवडून आल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण दिले, पण सरपंचपदाचे आरक्षण फिरते ठेवले. गावाला सवय होते न होते तोच पद हातून जाते. हे आरक्षण सलग दोन कार्यकाळ एकाच गावात ठेवायला हवे.