पदकाच्या आधीची दहा वर्षं

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. प्रियांका इंगळेच्या भारतीय संघाने नेपाळच्या मुलींना ७८-४० असं हरवलं, प्रतीक वाईकरच्या संघाने नेपाळच्या मुलांना ५४-३६ असं. विजेत्या पुरुष संघाच्या यादीत रामजी कश्यप हे नाव होतं आणि त्याचं गाव होतं वेळापूर, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. यादवकालीन अर्धनारी नटेश्वराच्या मंदिरासाठी आणि माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी ओळखलं जाणारं हे गाव त्या दिवशी देशाच्या क्रीडापानावर आलं.

त्यानंतर महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी २ कोटी २५ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. कर्नाटकाने आपल्या दोन खेळाडूंना प्रत्येकी पाच लाख देऊ केले, तेव्हा त्यांनी महाराष्ट्राचा दाखला देत ते नाकारले. सरकारने देशी खेळाला एवढं मोल द्यावं ही अभिमानाचीच बाब आहे आणि खेळाडूंनी ते घाम गाळून कमावलं आहे. पण हा पैसा येतो तेव्हा खेळाडू घडून झालेला असतो. तो दहा-अकरा वर्षांचा असताना, पायात धड बूट नसताना, घरच्यांना खेळ म्हणजे वेळ घालवणं वाटत असताना त्याला मैदानावर टिकवून ठेवणारं कुणीतरी असतं. खेडोपाडीच्या क्रीडा मंडळांचा खरा आधार ही माणसं आहेत. त्यांच्या कामाचं मोल पदकाची वाट न बघता, आधीपासून आणि नियमित द्यायला गावांनी शिकलं पाहिजे.

वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वर क्रीडा मंडळाचा संघ जिल्ह्याच्या खो-खोत ओळखीचा आहे. शेजारच्या पंढरपूर तालुक्यात वाडीकुरोलीच्या मुलींनी असंच नाव कमावलं. अशा गावांच्या यशाकडे बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, खो-खो हा स्वस्तातला खेळ. सत्तावीस मीटर लांब नि सोळा मीटर रुंद सपाट जागा, दोन खांब आणि आखणीला फक्की, एवढ्यावर भागतं. साहित्याला खर्च नाही, म्हणजे मंडळालाही खर्च नाही, असा हिशेब मग गावपुढाऱ्यांपासून पालकांपर्यंत सगळेच मांडतात. तो चुकीचा आहे. या खेळाचा जवळजवळ सगळा खर्च माणसांवर होतो, आणि तो पावतीवर दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही.

मंडळ चालवणाऱ्याचा दिवस पाहिला तर हे लक्षात येतं. उजाडायच्या आत मैदानावर पाणी मारायचं, खडे वेचायचे, रेघा आखायच्या. शाळा भरण्याआधी एक सराव, सुटल्यावर दुसरा. पाटीवर बसलेल्या आठ जणांना उठायचं कधी, खो द्यायचा कधी, खांबावर सूर मारताना खांदा कसा वाचवायचा, हे रोज तेच तेच सांगायचं. एखादा पोरगा चार दिवस दिसला नाही की त्याच्या वस्तीवर जायचं. तो उसाच्या फडावर गेलेला असतो किंवा मेंढरांमागे. बापाला समजवायचं, आईला सांगायचं, परीक्षा जवळ आली की अभ्यासाचीही चौकशी करायची. स्पर्धेच्या गावी न्यायला गाडी ठरवायची, डिझेलला पैसे कुणाकडे मागायचे ते ठरवायचं, रात्री शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून पोरांच्या उशाशी झोपायचं.

कागदांचं काम वेगळंच. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. पण त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र योग्य दर्जाचं हवं, त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते, अर्ज मुदतीत जावा लागतो. भूमिहीन घरातल्या मुलाला हे कोण सांगणार? ज्या गावात हे काम जाणणारा माणूस मंडळात असतो, तिथली मुलं पोलिसात, रेल्वेत, शिक्षण खात्यात लागतात. जिथे तो नसतो, तिथल्या मुलांची प्रमाणपत्रं पत्र्याच्या पेटीत पडून राहतात.

असा माणूस बहुतेक वेळा शाळेतला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असतो, नाहीतर नोकरी न मिळालेला जुना खेळाडू. शिक्षकाची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला की मैदान ओस पडतं. जुन्या खेळाडूचं लग्न होतं, पोटामागे तो पुण्याला चाकणच्या कारखान्यात जातो, आणि वीस वर्षांत उभं राहिलेलं मंडळ एका हंगामात बंद होतं. मंडळं भांडणांनी मोडतात असं आपण म्हणतो. त्याहून जास्त मंडळं चालवणाऱ्याच्या घरची चूल पेटत नाही म्हणून मोडतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात याची उलटी उदाहरणंही आहेत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. एका आखाड्यापासून निघालेली ही संस्था शंभर वर्षांनंतरही उभी आहे, याचं कारण संस्थापकांच्या त्यागाइतकंच त्यांच्या रचनेतही आहे. त्यांनी व्यायाम शिकवणारे शिक्षक तयार करण्याचं शिक्षण सुरू केलं, पुढे महाविद्यालय काढलं. व्यायाम शिकवणं हा पगारी, सन्मानाचा व्यवसाय झाला, म्हणून माणसं बदलली तरी काम थांबलं नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह चालवलं. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट मराठी घरांत सांगितली जाते आणि सांगितली जावी. पण त्याच संस्थेने गावोगाव घरटी मूठभर धान्य जमवण्याची पद्धत रुजवली, हे तेवढ्याच आदराने सांगितलं पाहिजे. एका बाईच्या दागिन्यांवर वसतिगृह किती दिवस चालणार होतं? हजारो घरांच्या मुठींनी ते चालवलं. आधार देणारे पुष्कळ असले आणि प्रत्येकाचा वाटा लहान असला, तर एकाने हात आखडता घेतल्याने मुलं उपाशी राहत नाहीत.

अलीकडचं उदाहरण नागपूरचं. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलचं काम सुरू केलं. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था वाढली आणि तिची मुलं बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत पोहोचली. नागराज मंजुळे यांच्या २०२२ सालच्या ‘झुंड’ चित्रपटामुळे बारसे घराघरांत पोहोचले. चित्रपटात एका माणसाची जिद्द दिसते, आणि ती होतीच. संस्था टिकली ती मात्र पुढची पिढी, बारसे यांचे चिरंजीव अभिजित आणि मैदानातूनच तयार झालेले प्रशिक्षक, त्या कामात पूर्णवेळ उतरली म्हणून.

धाराशिवची सारिका काळे हिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा तो खो-खोला तब्बल बावीस वर्षांनी मिळत होता. घरची परिस्थिती बेताची असताना ही मुलगी खेळत राहिली, भारतीय संघाची कर्णधार झाली, पुढे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून रुजू झाली. तिच्यामागे चंद्रजित जाधव यांच्यासारखे प्रशिक्षक वर्षानुवर्षं उभे होते. ज्या भागात नियमित शिकवणारा माणूस टिकतो तिथे एकीमागून एक मुली पुढे येतात, आणि धाराशिवच्या खो-खोने ते वारंवार दाखवून दिलं आहे.

असा माणूस नियमित मानधन देऊन टिकवणं माळशिरस तालुक्याला परवडण्यासारखं आहे का? या तालुक्याला दानत शिकवावी लागत नाही. दर आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरीकडे जाते. तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते, पुढे माळीनगरला उभं रिंगण होतं. त्या दिवसांत गावोगावची तरुण मंडळं चहा, फराळ, पाणी, औषधोपचार आणि पाय चेपण्यापर्यंत सगळं करतात. कुणी कुणाला नेमणूकपत्र देत नाही. घराघरांतून भाकरी येतात, टेम्पो येतात, डॉक्टर दवाखाना बंद करून रस्त्यावर बसतात. शिवाय हा उसाचा पट्टा आहे. १९३०च्या दशकात सासवडच्या माळ्यांनी माळीनगरला आणि चंद्रशेखर आगाशे यांनी श्रीपूरला कारखाने उभे केले. पुढे शंकरराव मोहिते-पाटलांनी अकलूज परिसरात सहकार आणि शिक्षणसंस्थांचं जाळं विणलं. एकत्र येऊन मोठं काम उभं करायची सवय या मातीला जवळजवळ शंभर वर्षांची आहे.

सोहळ्याच्या दिवशी गाव भरभरून देतं, आणि ते देणं पवित्रच आहे. मंडळाला मात्र श्रावणातल्या एखाद्या मंगळवारीही पैसे लागतात, जेव्हा ना यात्रा असते ना निवडणूक. आज क्रीडा मंडळाला मिळणारा आधार बहुतेक स्पर्धेपुरता असतो. चषक कुणाच्या नावाचा, कमानीवर फोटो कुणाचा, पहिलं बक्षीस कुणातर्फे, एवढ्यावर तो संपतो. एका दिवसाच्या मंडपाला जो खर्च होतो, त्यात कित्येक ठिकाणी प्रशिक्षकाचं काही महिन्यांचं मानधन निघालं असतं. देणाऱ्यांची वृत्ती वाईट नसते. त्यांच्यापुढे मागणीच मंडपाची जाते.

मानधन म्हटलं की एक आक्षेप हमखास येतो: पैसे घेतले तर ती सेवा कसली? सेवाभाव मोलाचा आहे, पण तो एका माणसाच्या बायको-मुलांच्या पोटावर उभा करणं न्यायाचं नाही. कीर्तनकाराला बिदागी दिली म्हणून त्याची भक्ती कमी होत नाही, हे वारीच्या वाटेवरच्या गावांना वेगळं सांगायला नको. उलट फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. मानधन घेणाऱ्याला सरावाची वेळ, मुलांची हजेरी, मुलींची सुरक्षितता याबद्दल गाव हक्काने विचारू शकतं.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. मंडळ कुणाच्या गटाचं हा प्रश्न या तालुक्यात पहिल्यांदा विचारला जातो, आणि एका नेत्याच्या पैशावर चालणारं मंडळ निवडणुकीच्या निकालाबरोबर वर-खाली होतं. त्यावर उपाय आहे तो वहीत. मंडळाची नोंदणी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली असावी. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जावा. वर्षाचा जमाखर्च फळ्यावर लागावा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते करणारा खजिनदार हा संघातल्या कर्णधाराइतकाच महत्त्वाचा माणूस आहे. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्टपणे आहे. पण ज्याचे कागद पुरे नाहीत अशा मंडळाच्या दारापर्यंत तो पैसा पोहोचत नाही.

मुलींचा विचार यात वेगळा करावा लागतो. संध्याकाळी सातनंतर मैदानावरून घरी सोडायला कोण येणार, कपडे बदलायला खोली आहे का, सोबत बाई प्रशिक्षक आहे का, यावर मुलीचा खेळ चालू राहणं अवलंबून असतं. ग्रामपंचायतींना आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातला ठरलेला वाटा गावातल्याच एखाद्या जुन्या महिला खेळाडूच्या मानधनाला आणि त्या खोलीला मिळाला, तर आठवीत खेळ सोडणाऱ्या किती तरी मुली दहावीपर्यंत टिकतील.

सुरुवात लहान करता येईल. प्रत्येक गावात पन्नास घरांनी दरमहा ठरलेली, झेपेल एवढी रक्कम मंडळाच्या बँक खात्यात टाकावी. कारखाने आणि पतसंस्थांनी चषकाऐवजी वर्षभराच्या मानधनाचा करार करावा. बाहेर नोकरीला लागलेल्या जुन्या खेळाडूंनी पहिल्या पगारापासून आपला वाटा पाठवावा आणि सुटीला आल्यावर मैदानावर उभं राहावं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मंडळाचा हिशेब वाचला जावा, पुढच्या वर्षी मैदानाची जबाबदारी कुणाकडे आणि किती मानधनावर, हे तिथेच सगळ्यांसमोर ठरावं, आणि तो ठराव इतिवृत्तात नावानिशी लिहिला जावा.